लाल गाडी, करडी गाडी आणि कोमट बॉनेट

पत्र असं आलंय:

"काका, मी २७ वर्षांची आहे. लायसन्स सहा वर्षांपासून आहे पण स्वतःची गाडी कधीच नव्हती, घरातली साधी गाडीच चालवली. चार वर्षं पैसे साठवलेत आणि मला टर्बोवाली स्पोर्टी हॅचबॅकच हवीये, जुनीच परवडेल. दोन बघितल्यात, एकाच मॉडेलच्या. एक लाल, ९ वर्षांची, ७०,००० किलोमीटर झालेली, रिमॅप केलेली (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली), मोठा सायलेन्सर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, मालक म्हणतो स्टेज टू आहे. आवाज ऐकूनच अंगावर काटा येतो आणि किंमतही इतरांपेक्षा कमी आहे. दुसरी करडी, ८ वर्षांची, १,१०,००० किलोमीटर, कंपनीतून आली तशीच्या तशी. मालकाकडे बिलांची जाडजूड फाइल आहे पण तो किंमत कमी करायला तयारच नाही. मित्र म्हणतात लाल घे. बाबा म्हणतात दोन्ही नकोत, टर्बो म्हणजे पांढरा हत्ती. कुठलीही घेतली तरी साठवलेले सगळे पैसे त्यातच जातील. खरं सांगू, मला लालच हवीये. – लालच्या प्रेमात"

अगं लालच्या प्रेमात,

शेवटचं वाक्य लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर मी उगाच दोन्ही बाजू मांडत बसलो असतो. लाल नको. करडी कदाचित, पण तपासून. आणि या दोन्हीपेक्षा मोठा लोचा तू मध्येच हळूच लिहून टाकलायस, "सगळे पैसे त्यातच जातील", त्यावर शेवटी येतो.

आधी माझी फजिती ऐक. मी पहिली टर्बोवाली घेतली तेव्हा साधारण तुझ्याच वयाचा होतो आणि गाडीतलं आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत होती. बघायला गेलो तर मालक गेटवरच उभा, म्हणाला तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून गरम करून ठेवलीये, आणि मी चक्क थँक यू म्हणालो! बॉनेटवर हात टेकवून फोटो पण काढला, बॉनेट मस्त कोमट लागलं ते अजून आठवतंय. तीन आठवड्यांनी एका थंड सकाळी गाडी चालू केली आणि मागे निळसर धुराचा असा काही लोट उठला की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. टर्बोचे सील गेले होते, ऑइल पार इंटरकूलरपर्यंत (टर्बोची तापलेली हवा गार करणारा भाग) पोचलेलं, मेकॅनिकने पाइप काढून वाकडा केला तर चहाच्या कपात मावेल एवढं ऑइल बाहेर आलं. इंजिन गरम असताना धूर दिसत नव्हता म्हणून तर त्या भल्या माणसाने ते आधीच गरम करून ठेवलं होतं. नवीन टर्बोला पैसे नव्हते, गाडी पुढचे तीन महिने ताडपत्रीखाली, आणि मी बसने.

ही गोष्ट सांगितली कारण टर्बोच्या गाडीत बिघाड करतो एक आणि भरतो दुसरा. साध्या इंजिनावर थोडा अन्याय केला तरी ते कुरकुरत का होईना चालत राहतं. टर्बोचं तसं नाही. इंजिनातून बाहेर पडणारा जळका गॅस एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद, एवढीच आयडिया. पण तो दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतो, पेट्रोल गाडीत एका बाजूचा गॅस ९०० अंशांच्या आसपास तापलेला, आणि बहुतेक गाड्यांमध्ये हा सगळा तमाशा ऑइलच्या एका पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल जुनं झालं, कमी पडलं, किंवा गाडी बेदम पळवून आणली आणि तशीच खाडकन बंद केली की आत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो, तो कोळसा ऑइलची बारीक नळी हळूहळू चोंदवतो, आणि मग एक दिवस बेअरिंग जातं. तो दिवस सहसा आदल्या मालकाच्या नशिबी येत नाही.

आणि हे आजचं नाही बरं का. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर नावाची गाडी आली, टर्बो लावून विकलेल्या अगदी पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून तिला वेगळ्या टाकीतून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण लागायचं, मालकाने ते अधूनमधून भरायचं, बस. लोकांनी भरलंच नाही! टाकी रिकामी झाली की गाडी आपोआप बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कमी करायची, मग लोक तक्रार करायचे की ताकद लागत नाही, आणि शेवटी कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची सोय केली. तर टर्बोच्या गाडीला सगळ्यात जुना रोग कुठला म्हणशील तर मालक.

म्हणून गाडीच्या आधी माणूस बघायचा. आता तुझे दोन मालक घे. एकाकडे बिलांची फाइल आहे, दुसऱ्याकडे आवाज.

तो आवाज कशाचा ते पण सांगतो, म्हणजे प्रेम जरा उतरेल. ॲक्सिलरेटर सोडला की दाबलेली हवा कुठेतरी जायला हवी, कंपनीच्या गाडीत ती परत आतल्याच पाइपात वळवतात त्यामुळे फारसं ऐकू येत नाही. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावून ती बाहेर सोडली की तो 'प्श्श्श' येतो. पण तुझ्या लाल गाडीत हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असेल, बऱ्याच गाड्यांत असतो, तर त्याने ती हवा आधीच मोजून ठेवलेली असते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तेवढ्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, हवा मात्र गेली बाहेर. म्हणजे दर गिअर बदलताना क्षणभर पेट्रोल जास्त. प्लग काळे पडतात, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. अंगावर काटा आणणाऱ्या त्या आवाजाचं बिल असं आतल्या आत फाटत असतं.

आता स्टेज टू. या शब्दाला कुठलंही ठरलेलं माप नाही, प्रत्येक ट्यूनर आपापलं ठरवतो. ढोबळमानाने स्टेज वन म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, स्टेज टू म्हणजे सॉफ्टवेअर अधिक डाउनपाइप (टर्बोतून धूर पुढे नेणारा पाइप), इनटेक (हवा आत घेणारा पाइप) वगैरे. रिमॅप म्हणजे पाप असं मी अजिबात म्हणत नाही, नीट केलेला रिमॅप, चांगलं पेट्रोल, वेळच्या वेळी ऑइल, असं वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत. पण तसा मालक असेल तर तू न विचारता तो सांगतो की कुणाकडून केला, कधी केला, बूस्ट किती ठेवलाय, क्लच बदलला का, डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या मशीनचा, कागद हा घ्या. तुझ्या मालकाने काय सांगितलं? "स्टेज टू आहे." संपलं. वर किंमत कमी. जो माणूस सायलेन्सरवर एवढा खर्च करतो तो गाडी स्वस्तात का देतोय, हे त्याला एकदा विचारून बघ आणि उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघ.

आणि इन्शुरन्सचं विसरूच नको. बदल केलेली गाडी आणि ते कंपनीला कळवलेलं नाही म्हणजे अपघातानंतर क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण. कन्व्हर्टर काढलेला डाउनपाइप असेल तर धुराच्या तपासणीत नापास व्हायची शक्यता वेगळीच. पहिल्याच गाडीला एवढी झेंगटं कशाला.

७०,००० च्या आकड्याला पण भुलू नको. निम्मे किलोमीटर थंड इंजिनावर रेस करून काढलेले असतील तर ते १,१०,००० सरळ हायवेच्या किलोमीटरपेक्षा वाईट.

बरं, करडी. ती फाइलवाल्या काकांची आहे म्हणून डोळे मिटून घ्यायची असंही नाही. फाइल मागून घरी आण, निदान फोटो तरी काढ, आणि फक्त एक गोष्ट शोध, ऑइल किती किलोमीटरने बदललंय. कंपनीच्या पुस्तकात बऱ्याचदा लांबचा आकडा असतो, १५,००० वगैरे किंवा त्याहून जास्त, पण जुन्या टर्बोला मी ८,००० च्या पुढे जाऊ देत नाही. फाइलमध्ये एखादं वर्ष गायब असेल तर त्या वर्षाबद्दल विचार. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा; काहींत त्याऐवजी चेन असते) असेल तर तो वॉटर पंपासकट कधी बदलला ते बघ, १,१०,००० ला बऱ्याच गाड्यांचा तो दिवस जवळ आलेला असतो किंवा नुकताच होऊन गेलेला असतो. चेन असेल तर थंड असताना पहिल्या काही सेकंदांत खडखड येते का ते कान देऊन ऐक.

तू मॉडेल लिहिलं नाहीस, लिहिलं असतंस तरी चाललं असतं गं, पण आता तूच इंजिनाचा कोड शोधून काढ आणि त्या कोडचे ठरलेले आजार वाच, गाडीच्या नावापेक्षा इंजिनाच्या कोडवर जास्त कळतं. मिनी कूपर एसच्या एन १४ इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) हा नेहमीचा रडका विषय, बीएमडब्ल्यूच्या एन ५४ मध्ये हाय प्रेशर फ्युएल पंप, सुबारूच्या २.५ लिटर टर्बोमध्ये पिस्टनच्या रिंगलँड, म्हणजे रिंगांमधल्या कडा, तुटणं. याचा अर्थ त्या गाड्या घेऊ नयेत असा नाही, त्या आजारावर उपचार झालाय की नाही हे बिलात दिसलं पाहिजे एवढाच. आणि डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी पद्धत, असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो कारण तिथे पेट्रोल पडून धुतलंच जात नाही, एक लाखाच्या पुढे तो कधी साफ केलाय का हे विचारायचंच, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मारून साफ करतात, हसू नको, खरंच करतात.

बघायला जाशील तेव्हा सकाळी जा. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत बॉनेटवर तळहात ठेव. गार पाहिजे, एकदम गार. कोमट असेल तर गोड हसून सांग की संध्याकाळी परत येते. भावाला किंवा मित्राला घेऊन जाणार असशील तर त्याला आधीच सांगून ठेव की मालक तुझ्याशी बोलायला लागला तर "तिला विचारा, गाडी तिची आहे" एवढंच म्हण, नाहीतर ते दोघं आवाजावर गप्पा मारत बसतील आणि तू बाजूला.

मग ऑइलची डिपस्टिक काढून पूस, परत घाल, परत काढ. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. काळपट असेल तर चालतं, पण चकचकीत कण दिसले किंवा पेट्रोलचा उग्र वास आला तर नको. ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघ, खाली मऊ बदामी चिकचिक असेल तर एकतर गाडी फक्त गल्लीत फिरलीये किंवा पाणी ऑइलमध्ये जातंय, दुसरं असेल तर महाग प्रकरण. आता कुणाला तरी मागे उभं करून गाडी चालू कर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गोडसर वासाचा दाट पांढरा म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), काळा म्हणजे पेट्रोल जास्त. थंडीत थोडी पांढरी वाफ येते ती लगेच विरते, तिला घाबरू नको. पाच-सात मिनिटं नुसती चालू राहू दे आणि मग एकदा जोरात रेस कर, त्यावेळी निळा लोट आला तर टर्बोच्या सीलवर संशय घे. हे शेवटचं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

करडी खरंच कंपनीतून आली तशीच आहे का हेही तपासायचं, कारण विकायच्या आधी मूळ पार्ट परत लावून देणारे महाभाग असतात. आठ वर्षांच्या गाडीचा इंजिनखाना सगळीकडे सारखा मळलेला असतो. त्यात टर्बोजवळचा एकच क्लॅम्प नवा चमकत असेल, नाहीतर एअरबॉक्सच्या (एअर फिल्टरच्या डब्याच्या) स्क्रूवर पान्याच्या ताज्या खुणा असतील, तर तिथे कुणाचा तरी हात पडून गेलाय. बिल असेल तर ठीक, नसेल तर प्रश्न.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा एक छोटा ओबीडी स्कॅनर विकत घे, महाग नसतो, ब्लूटूथने फोनला लागतो. कोड एकही नाही म्हणून लगेच खूश होऊ नको, 'रेडीनेस मॉनिटर' नावाचा रकाना बघ, गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते तिथे दिसतं. त्यात बरेच 'नॉट रेडी' दाखवत असतील तर काल-परवा कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीये. मालक म्हणेल बॅटरी नवीन टाकली, म्हण छान, मग आठवडाभर चालवा आणि मी परत येते.

टायर बघ. बाजूला डीओटीच्या पुढे जे लिहिलेलं असतं त्यातले शेवटचे ४ आकडे, २३१९ असेल तर २०१९ चा २३वा आठवडा. चारही टायर एका चांगल्या कंपनीचे असतील तर मालक पैसे वाचवायला ब्रेक-ऑइलमध्ये हात आखडत नसणार असं मी धरतो. चार टायर चार तऱ्हेचे असतील तर उलटं. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर हे नुसतं स्वभावाचं लक्षण राहत नाही, कमी-जास्त झिजलेले टायर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलची वाट लावतात.

टेस्ट ड्राइव्हला रेडिओ बंद. इंजिन पूर्ण तापल्यावर मोकळा रस्ता बघून तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमपासून ॲक्सिलरेटर दाब, ओढ एकसंध वाढत गेली पाहिजे, मध्येच धक्के किंवा नुसताच हवा गळल्यासारखा फुसफुस आवाज यायला नको. मग चौथ्यात तेच, आरपीएम झपकन वर गेला आणि स्पीड तिथेच राहिला तर क्लच संपलाय. ॲम्ब्युलन्ससारखा सायरन वाजत चढला तर टर्बोच्या बेअरिंगचं काहीतरी आहे.

एवढं सगळं नीट निघालं तर तुझ्या ओळखीच्या, विकणाऱ्याच्या नव्हे, मेकॅनिककडे नेऊन लीक-डाउन टेस्ट करून घे. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते टक्क्यांत मोजतात. पाच-दहा टक्के म्हणजे छान, एखादा सिलिंडर २० च्या वर गेला तर तिथूनच नमस्कार. त्यालाच सांग की टर्बोचा इनटेक पाइप काढून दांडा बोटांनी हलवून बघ. बाजूला जरासा हलला तर चालतं, पुढे-मागे हलायला नको, आणि पात्यांची टोकं आतून घासलेली नकोत. मालक या तपासणीला नाही म्हणाला तर विषय संपला. तुझा करडीवाला माझ्या अंदाजाने हो म्हणेल, जो माणूस किंमत कमी करत नाही त्याला बहुतेक माहीत असतं की आपण काय विकतोय. तरी घासाघीस कर, पण कारण देऊन कर, टायर जुने निघाले तर टायरचे पैसे कमी करा असं. नुसतं "थोडं बघा ना काका" म्हटलं तर तो काही बघणार नाही.

आता पैसे. गाडीच्या किमतीच्या निदान २० टक्के रक्कम गाडी घेऊन झाल्यावर तुझ्या हातात शिल्लक राहिली पाहिजे, इन्शुरन्स सोडून. घेतल्या घेतल्या ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, गिअरबॉक्स ऑइल, प्लग, फिल्टर हे सगळं बदलायचं, आधीच्या मालकाने कालच बदललं म्हटलं तरी. त्यानंतर पहिल्या वर्षात काहीतरी एक निघतंच, इग्निशन कॉइल म्हण, कुठला तरी होज म्हण, ब्रेक डिस्क म्हण. इन्शुरन्सचा आकडा गाडी ठरवायच्या आधी काढून घे, टर्बोच्या गाडीवर तो ऐकून गरगरायला होऊ शकतं. तर बाबांचं अर्धं बरोबर आहे. हत्ती आहे, पोसता येतो, पण चाऱ्याचे पैसे हत्ती विकत घेण्यात उडवायचे नाहीत. सगळी जमा जात असेल तर करडीसुद्धा आज घेऊ नको, सहा-आठ महिने अजून साठव, किंवा त्याच मॉडेलची कमी ताकदीची टर्बो बघ, मजा ऐंशी टक्के तीच, खर्च बराच कमी.

चालवण्याबद्दल दोनच गोष्टी. घरातल्या साध्या गाडीत पाय दाबला की ताकद त्या प्रमाणात येते, इथे जुन्या टर्बोत अर्धा सेकंद काहीच होत नाही आणि मग एकदम येते, नेमकी वळणात आली तर पुढची चाकं स्टिअरिंग हातातून ओढून घेतात. १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो याच गोष्टीसाठी बदनाम झाली, बूस्ट वळणात आला, माणूस घाबरून पाय काढायचा, आणि मागची बाजू पुढे यायची. आजच्या हॅचबॅक एवढ्या खुनशी नाहीत, चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे, तो पहिलं वर्षभर बंद करू नको. आणि काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं समजू नको, तो काटा कूलंटचा, ऑइलला तापायला त्याहून वेळ लागतो, तोवर ३,००० च्या आत. येताना शेवटचे दोन-तीन मिनिटं शांत चालव, मग बंद कर.

शनिवारी करडी बघायला जा. आदल्या रात्री मालकाला मेसेज टाक की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका प्लीज, आणि तो काय उत्तर देतो त्याचा स्क्रीनशॉट, इंजिनाचा कोड आणि टायरचे ते चार आकडे मला पाठव. लालवाल्याला फोन केलास तरी मला कळवू नको.

– काका